बलावरून ओळखावा फोटॉन

 हिवाळ्याच्या कोरड्या हवेत प्लॅस्टिकचा कंगवा केसांवरून फिरवून कागदाच्या कपट्यांजवळ नेला तर कपटे उडून त्याला चिकटतात. कंगवा कागदाला शिवलेला नसतो. मग मधल्या मोकळ्या जागेतून ही ओढ पोचवतं कोण? भौतिकशास्त्राचं ठरलेलं उत्तर आहे फोटॉन, म्हणजे प्रकाश ज्यांचा बनतो तेच कण. विद्युतप्रभार आपसांत फोटॉनची देवाणघेवाण करतात असं सांगितलं जातं आणि सोबत दोन नावांचं चित्र येतं: एका नावेतला माणूस दुसऱ्याकडे चेंडू फेकतो आणि दोन्ही नावा एकमेकींपासून दूर सरकतात. माझ्या मते हे चित्र सोडून दिलेलंच बरं. चेंडू फेकून नावा दूर जातील, पण जवळ कशा येतील? कंगव्याने तर कागद ओढून घेतला आहे. शिवाय फोटॉन मोजणारं उपकरण मध्ये धरलं, तरी या देवाणघेवाणीतला एकही फोटॉन त्यात नोंदला जाणार नाही.

तरीही फोटॉन आणि विद्युतबल यांचं नातं खरं आहे, आणि चेंडूच्या चित्रापेक्षा ते कितीतरी घट्ट आहे. कूलोम यांनी 1785 मध्ये प्रभारांमधल्या बलाचा नियम मांडला. पुढे मॅक्सवेल यांनी दाखवलं की प्रभारांभोवती जे विद्युतचुंबकीय क्षेत्र असतं, त्याच क्षेत्रात उठणारी लाट म्हणजे प्रकाश. विसाव्या शतकात या क्षेत्राला पुंजभौतिकीचे नियम लागू झाले. प्रभारापासून सुटून ऊर्जा घेऊन दूर निघालेली लाट म्हणजे नेहमीचा फोटॉन. प्रभारांशी बांधलेली, सुटून न जाणारी क्षेत्राची हालचाल म्हणजे ज्याला 'आभासी फोटॉन' म्हणतात ते. बेथे आणि फर्मी यांनी 1932 मध्ये दोन इलेक्ट्रॉनांमधलं बल याच भाषेत मांडलं. या गणितात फोटॉन डावीकडून उजवीकडे फेकला जात नाही. त्याला मार्गच नसतो. दोन प्रभारांमधलं अंतर बदललं की सगळ्या व्यवस्थेची ऊर्जा किती बदलते, एवढंच काढायचं असतं. त्या उत्तरात दोन्ही प्रभारांचा गुणाकार येतो, आणि एक धन व एक ऋण असेल तर गुणाकाराचं चिन्ह उलटतं. आकर्षणासाठी वेगळी युक्ती लागत नाही.

आता आक्षेप. हा सगळा हिशेबाचा खटाटोप असेल तर फोटॉनचं नाव घ्यायचंच कशाला? आक्षेप पोकळ नाही. हेच गणित असंही मांडता येतं की स्थिर प्रभारांचं बल फोटॉनशिवाय थेट लिहिलेलं असतं, आणि शेवटचं उत्तर तसूभरही बदलत नाही. तेव्हा 'या क्षणी इतके आभासी फोटॉन इकडून तिकडे गेले' या विधानाला मी अर्थ देणार नाही. पण फोटॉनचे गुणधर्म मात्र बलात स्पष्ट उमटलेले दिसतात. युकावा यांनी 1935 मध्ये दाखवलं की बल वाहणाऱ्या कणाला वस्तुमान असेल तर ते बल थोड्याच अंतरात विरून जातं. विद्युतबल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतं, म्हणजेच फोटॉन वस्तुमानहीन असला पाहिजे. विल्यम्स, फॉलर आणि हिल यांनी 1971 मध्ये तपासलं तेव्हा त्या नियमातला घातांक दशांशचिन्हानंतर पंधराव्या स्थानापर्यंत 2 च निघाला. दुसरी खूण अधिक सुंदर आहे. सजातीय प्रभार एकमेकांना दूर लोटतात, कारण फोटॉनचं स्पिन, म्हणजे कणाच्या अंगचं फिरकीसारखं परिमाण, एक आहे. ते शून्य असतं, तर सजातीय प्रभारांत आकर्षण झालं असतं.

या नात्याची एक कसोटी मुंबईत जन्मलेल्या माणसाच्या नावाने ओळखली जाते. होमी भाभा यांनी केंब्रिजमध्ये असताना इलेक्ट्रॉन आणि त्याचा धनप्रभारी जुळा पॉझिट्रॉन यांच्या टकरीचं गणित केलं; ते 1936 मध्ये प्रसिद्ध झालं. विरुद्ध प्रभारांच्या या जोडीपुढे दोन वाटा असतात: एकमेकांवर बल लावून दिशा बदलायची, किंवा नाहीसं होऊन फोटॉन व्हायचं आणि त्यातून पुन्हा जोडीने जन्मायचं. भाभांच्या सूत्रात दोन्ही वाटा आहेत आणि त्या एकमेकींवर परिणामही करतात. बल आणि फोटॉन खरोखरच वेगळे असते, तर दोन्ही वाटा एकाच सूत्रात अशा गुंफता आल्या नसत्या. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळवणाऱ्या, जिनिव्हाजवळच्या लेप यंत्रात, 1989 ते 2000 या काळात, टकरी किती होत आहेत हे मोजायला हेच 'भाभा विकिरण' वापरलं जाई. तिथल्या एल-3 प्रयोगात भाभांनीच उभारलेल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे वैज्ञानिकही होते. त्याच विकिरणातून एल-3 ने आणखी एक गोष्ट टिपली. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन जितक्या जोरात, म्हणजे जितक्या जवळ, भिडतात तितकं त्यांच्यातलं विद्युतबल कूलोमच्या नियमापेक्षा किंचित जास्त भरतं. बलाची ताकद सांगणारा अंक एरवी सुमारे 1/137 असतो. लेपच्या ऊर्जेला तो 1/128 च्या आसपास जातो, कारण प्रभाराभोवतीच्या क्षेत्रात क्षणिक जोड्या उमटून एरवी त्या प्रभाराचा काही भाग झाकून ठेवतात, आणि जवळ गेल्यावर हे झाकण विरळ होतं.