अद्भुताच्या राज्यातील क्विअर पात्रे

अद्भुत कादंबरीत, म्हणजे जादू आणि कल्पित राज्यांच्या कथेत, जगाचे सगळे नियम नव्याने रचण्याची मुभा असते. तरीही क्विअर पात्रांच्या, म्हणजे ज्यांची लैंगिकता वा लिंगभाव रूढ चौकटीबाहेरचा आहे अशांच्या वाट्याला तेथेही बहुधा दुःखच आले. मर्सिडीज लॅकी यांच्या १९८९-९० मधील त्रयीत व्हॅन्येल हा समलिंगी तरुण थेट नायक होतो, हे त्या काळी मोठे धाडस होते, पण पहिल्याच भागात त्याचा प्रियकर मरतो आणि अखेरीस तोही प्राण देतो. टी. जे. क्लून यांच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या मालिकेत मात्र एका मध्यमवयीन सरकारी कर्मचाऱ्याला प्रेम आणि घर दोन्ही लाभते.

क्विअर पात्राच्या वाट्याला दुःख येते की सुख, या कसोटीवर पारखण्याजोगे मराठी उदाहरण म्हणजे सतीश आळेकर यांचे ‘बेगम बर्वे’ (१९७९) हे नाटक. संगीत नाटकांत किरकोळ स्त्रीभूमिका केलेला, आता उदबत्त्या विकणारा बर्वे कारकून जावडेकराच्या स्वप्नातली नलावडेबाई होतो, लग्न-डोहाळ्यांपर्यंत पोहोचतो आणि ते स्वप्न निर्दयपणे मोडते. तरी आळेकर बर्वेच्या आसक्तीची टिंगल करत नाहीत, आणि हीच त्यांची थोरवी आहे.