आग्नेयेकडे तोंड केलेल्या छत्र्या

नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, कुठल्याही गावच्या गच्चीवर उभं राहून छपरांकडे नजर टाकली तर सगळ्या डिश साधारण एकाच बाजूला तोंड करून बसलेल्या दिसतात. पूर्व आणि दक्षिण यांच्या मधोमध, आग्नेयेला. नगर शहर पावणेपंचाहत्तर रेखांशावर आहे आणि डीडी फ्री डिशचा उपग्रह, जीसॅट-१५, साडेत्र्याण्णववर, विषुववृत्ताच्या माथ्यावर जवळजवळ ३६ हजार किलोमीटर उंच. इथून पाहिलं तर तो उत्तरेपासून १३४ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ५९ अंश वर येतो. पैसे भरून घ्यायच्या सेवांचे उपग्रह त्याच पट्ट्यात थोडे अलीकडे-पलीकडे. टीव्हीवर ‘नो सिग्नल’ आलं की घरातला एक जण गच्चीवर चढतो आणि आधी त्या दिशेच्या आभाळाकडे बघतो. गेल्या चाळीस वर्षांकडे मागे वळून पाहताना मला मात्र वाटतं की आभाळाने या जिल्ह्याला फार कमी वेळा दगा दिला. बिघाड सापडला तो बहुतेक वेळा छत्रीपासून टीव्हीपर्यंतच्या शेवटच्या तीस-चाळीस फुटांत.

सुरुवातीला अडचण खरोखरच भूगोलाची होती. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्यासाठी प्रक्षेपण होऊ लागलं. पारनेर-श्रीगोंद्याकडची हौशी मंडळी उंच लोखंडी पाइपावर अँटेना चढवून ते पकडायचा प्रयत्न करत. अकोले तालुक्यातल्या डांगाणात तर कळसूबाई-हरिश्चंद्रगडाची रांगच आडवी. जमिनीवरून येणाऱ्या लहरी डोंगर ओलांडत नाहीत, त्यामुळे तिथे पाइप कितीही वाढवला तरी पडद्यावर मुंग्याच. ३० ऑगस्ट १९८३ ला इन्सॅट-१ बी अवकाशात गेला आणि त्याच्यावरून दिल्लीचा कार्यक्रम घेऊन आसपास पसरवणारे छोटे प्रक्षेपक १९८४ मध्ये देशभर धडाधड उभे राहिले. जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ लागलं तेव्हा गावोगाव रविवारी सकाळी एक जण अँटेना फिरवायला छपरावर, एक दारात, एक टीव्हीसमोर, अशी साखळी असे. ‘आलं, आलं... गेलं!’ ही हाक ज्यांनी दिली आहे त्यांना आजही ती विसरता येत नाही.

उपग्रहाची मोठी छत्री आपल्याला तशी परकी नव्हती. जिल्ह्याच्या सीमेला लागून, जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ आर्वीला, १९७१ मध्ये विक्रम भू-केंद्र उभं राहिलं होतं. संगमनेरहून पुण्याला जाणाऱ्यांना त्या परिसराची ओळख होती. पण ते देशाचं काम होतं. आपल्या गल्लीत छत्री आली १९९१-९२ मध्ये, केबलवाल्याच्या गच्चीवर: आठ-दहा फुटांची, जाळीची, एशियासॅटकडे रोखलेली. २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू झाल्यावर केबलची मागणी अशी वाढली की नगर, श्रीरामपूर, संगमनेरच्या जुन्या पेठांत वायरींची जाळी झाली.

केबलच्या काळात घरच्या माणसाच्या हातात दुरुस्तीचं काही उरलं नाही. सिग्नल दुसऱ्याच्या गच्चीवर, वायर विजेच्या खांबावरून, आणि मध्ये मध्ये अॅम्प्लिफायर. त्या अॅम्प्लिफायरला वीज कुणाच्या तरी ओट्यावरून घेतलेली. पुढे भारनियमनाच्या वर्षांत याचा फार जाच झाला. आपल्या गल्लीत वीज असे, पण मधल्या गल्लीची गेलेली असे, आणि टीव्ही सुरू असूनही पडदा कोरा. लोक केबलवाल्याला बोल लावत. त्याची काही चूक नसे.

आणि वस्त्यांचं काय? नगर जिल्ह्याचा मोठा भाग गावठाणाबाहेर राहतो. राहुरी, राहाता, नेवासे या बागायती पट्ट्यात माणसं आपापल्या मळ्यात घर बांधून राहतात. चार घरांच्या वस्तीसाठी दोन किलोमीटर वायर कोण ओढणार? म्हणून डीटीएच, म्हणजे उपग्रहावरून थेट घरी येणारी सेवा, आली ती या वस्त्यांना वरदान वाटली. २००३ मध्ये डिश टीव्ही आली, १६ डिसेंबर २००४ ला दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस (आताची फ्री डिश) ३३ वाहिन्या घेऊन आली, तीही महिन्याच्या पैशांविना, आणि २००६ मध्ये टाटा स्काय. दोन फुटांची छत्री, एक बॉक्स, एक वायर. डोंगर आडवा येण्याचा प्रश्न संपला, कारण साठ अंशांवरचा उपग्रह डांगाणातल्या बहुतेक अंगणांतून डोंगराच्या वरच राहतो.

पण दुरुस्तीही वायरीबरोबर घरी आली. जुन्या अँटेनावर मुंग्या वाढत जायच्या, आवाज खरखरायचा, चित्र ‘आजारी’ आहे हे आधी कळायचं. डिजिटलमध्ये तसं होत नाही. चित्र स्वच्छ असतं, मग चौकोन पडतात आणि क्षणात काही नाही. त्यामुळे बिघाड हळूहळू वाढत असला तरी घरच्यांना तो अचानक झाल्यासारखा वाटतो.

त्या बिघाडाचं खरं रूप पाहायचं तर डिशच्या दांड्यावरच्या एलएनबीजवळ, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या डबीजवळ जावं. तिथे वायरीच्या टोकाला एक बोटभर पितळी-लोखंडी पिन असते. वरचं रबरी टोपण उन्हाने तडकलेलं असतं. पिन फिरवून काढली की आतली तांब्याची तार हिरवट पडलेली दिसते. कधी वायर उभी धरली की थेंब गळतो. वायर छत्रीवरून सरळ खाली आणली आणि घरात शिरण्याआधी तिला खालच्या बाजूला एक वळसा दिला नाही, तर पावसाचं पाणी तिच्याच आधाराने बॉक्सपर्यंत येतं. एका वळशाचं काम, पण घाईत लावलेल्या किती तरी जोडण्यांत ते राहून गेलेलं असतं.

या हिरव्या तारेमुळे एक चमत्कारिक गोष्ट घडते, ज्याने लोक सर्वांत जास्त बुचकळ्यात पडतात. निम्मे चॅनेल दिसतात, निम्मे दिसत नाहीत. कंपनीने बंद केले, रिचार्ज संपला, असे तर्क चालतात. बॉक्स त्याच वायरीतून एलएनबीला वीज पाठवत असतो: उभ्या ध्रुवणाच्या चॅनेलसाठी १३ व्होल्ट, आडव्या ध्रुवणाच्या चॅनेलसाठी १८. गंजलेल्या जोडात व्होल्ट गळतात, १८ चे १८ वर पोहोचत नाहीत, आणि एलएनबीला वाटतं १३ च मागितलेत. आडव्या बाजूचे सगळे चॅनेल गायब. टोक अर्धा इंच कापून, नवी सोललेली तार नव्या पिनेत बसवली की ते परत येतात.

दुसरी फसगत बॉक्समधल्या दोन पट्ट्यांची. सेटिंगमध्ये ‘स्ट्रेंग्थ’ आणि ‘क्वालिटी’ अशा दोन रेषा असतात. स्ट्रेंग्थ नव्वद दिसली की माणूस निर्धास्त होतो. पण छत्री भिंतीकडे तोंड करून ठेवली तरी स्ट्रेंग्थ बऱ्यापैकी येते, कारण ती एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही मोजते. बघायची ती क्वालिटी. ती शून्य असेल तर छत्री उपग्रहावर नाही, एवढं नक्की समजावं.

पावसाचंही तसंच. या जिल्ह्याला पावसाची दोन टोकं आहेत: घाटघर-रतनवाडीला वर्षाला हजारो मिलिमीटर, आणि नगर-पाथर्डी-जामखेडच्या पट्ट्यात पाचशे-सहाशेच्या घरात. डीटीएचची लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची, जोराच्या सरीत ती शोषली जाते. केबलवाल्याच्या मोठ्या छत्रीची लहर त्याच्या तिप्पट लांब, म्हणून ती पावसाला एवढी घाबरत नसे. धो धो पावसात दहा-पंधरा मिनिटं टीव्ही जाणं स्वाभाविक आहे. पण भुरभुर आली तरी जात असेल तर दोष पावसावर ढकलू नये. छत्री कामापुरती, काठावर लावलेली आहे आणि तिला थोडीही तूट सोसत नाही. पत्र्याच्या घरांत हे जास्त होतं, कारण वाऱ्याने पत्रा हलतो, खिळे सैल होतात, आणि एक-दोन अंशांनी तोंड फिरलं तरी पुरतं. लावताना अंगणात नसलेला शेवगा दोन पावसाळ्यांत बरोबर आग्नेयेला उभा राहतो, तेही पाहायला हवं.

आभाळाचे खरे बिघाडही झाले. दर वर्षी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. साडेत्र्याण्णव अंशांच्या उपग्रहासाठी नगरला ती वेळ सकाळी अकराच्या सुमारास. काही मिनिटं क्वालिटी घसरते आणि आपोआप पूर्ववत होते. त्या वेळी छत्रीला हात लावणारा पस्तावतो. जुलै २०१० मध्ये इन्सॅट-४ बी या प्रसारण उपग्रहाच्या सौर पंखात बिघाड होऊन त्याचे २४ पैकी १२ ट्रान्सपॉन्डर बंद करावे लागले. तो मात्र गच्चीवरून दुरुस्त होण्यासारखा प्रकार नव्हता.

१ मार्च २०१९ ला झालं ते वेगळंच. वाहिन्यांच्या नव्या दररचनेनंतर स्टार उत्सव, झी अनमोल यांसारख्या वाहिन्या फ्री डिशवरून काढून घेण्यात आल्या. अनेक घरांत लोकांनी छत्री फिरवली, वायर बदलली, बॉक्स दुकानात नेला. छत्री ठणठणीत होती. जून २०२० मध्ये त्या वाहिन्या परतल्या, आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. सामान्य माणसाला हे आधी स्पष्ट सांगायला हवं होतं असं मला आजही वाटतं, कारण मोलमजुरी करणाऱ्याचे दीडशे-दोनशे रुपये विनाकारण गेले.

या सगळ्यात माझ्या लेखी सर्वांत मोलाचा काळ २०२० चा. शाळा बंद होत्या. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ सुरू झालं. शहरातली मुलं मोबाइलवर शिकत होती, पण अकोल्याच्या पश्चिमेकडे मोबाइलला रेंज नव्हती, तिथे टीव्ही हाच वर्ग. आणि महिना जुलैचा, डांगाणात संततधार. छत्री बिघडली की त्या दिवसाचा तास बुडाला. टाळेबंदीत दुरुस्तीवाला येऊ शकत नव्हता. मग रेंज मिळेल त्या टेकाडावर जाऊन फोन करायचा, सूचना ऐकायच्या आणि घरी येऊन त्या करायच्या. ‘मावशी, आधी बॉक्सचं बटन बंद करा. मागची पिन काढा. तार काळी पडलीय का ते बघून या.’ मग पुन्हा टेकाडावरून: ‘काळी नाय रं, हिरवी झालीय.’ ‘मग ब्लेडनं अर्धा इंच कापा, नवी तार उघडी करा, बाहेरच्या जाळीचा एकबी केस आतल्या तारेला लागू देऊ नका.’ ज्या बायांनी तोवर बॉक्सच्या मागची बाजू पाहिलीही नव्हती, त्यांनी चिखलात उतरत-चढत ही कामं केली. पोरगं टीव्हीसमोर बसलं. या कामाची नोंद कुठल्या अहवालात झाली असेल असं वाटत नाही, म्हणून इथे करतो.

असंच मन लावून केलेलं काम ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर दिसतं. पाथर्डी-शेवगाव-जामखेडकडची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात तेव्हा भांड्याकुंड्यांत सोलर पॅनल, बॅटरी आणि फ्री डिशची छत्री असते. फ्री डिशचे बरेच बॉक्स बारा व्होल्टवर चालतात. कोपी उभी राहिली की छत्री मेढीला बांधायची. गावाकडे १३४ अंशांवर असलेला उपग्रह कोल्हापूरकडे गेलं की पाच अंशांनी पूर्वेला सरतो आणि किंचित वर चढतो. होकायंत्र न वापरता, दुपारच्या सावलीवरून आणि क्वालिटीच्या पट्टीवरून, दरसाल ती जागा शोधणारी माणसं तिथे आहेत.

आता गावठाणांत फायबर आलं आहे आणि छत्र्या लावणारी पोरं कॅमेरे बसवायच्या कामाला लागली आहेत. डोंगराकडच्या वाड्यांना मात्र छत्री अजून बरीच वर्षं लागणार. त्याच जीसॅट-१५ वर २०१७ पासून स्वयंप्रभाच्या शिक्षणवाहिन्याही आहेत, म्हणजे फ्री डिशकडे रोखलेली छत्री त्या पकडू शकते. अकोले तालुक्यातल्या प्रत्येक आश्रमशाळेच्या छपरावर एक डिश पक्की बसवावी आणि नववी-दहावीच्या मुलामुलींना पिन कशी लावायची, क्वालिटी कशी वाचायची, वायरीला वळसा का द्यायचा हे एका दुपारी शिकवावं. पाना, ब्लेड, चार पिना आणि दहा हात वायर एवढंच सामान लागतं.