परत न आलेल्या कस्तुराचा डेटा कुठून आणायचा?

वुड थ्रश हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या पानझडी जंगलात वीण करणारा पक्षी. आपल्याकडच्या कस्तुरांचा भाऊबंद. वजन जेमतेम ५० ग्रॅम, पाठ तांबूस-तपकिरी, पांढऱ्या पोटावर ठळक ठिपके. तिथे १९६६ पासून दरवर्षी ठरलेल्या रस्त्यांवर पक्षी मोजले जातात. त्या मोजणीप्रमाणे याची संख्या निम्म्याहून जास्त घटली आहे. हे थांबवायचं तर आधी कळायला हवं की पक्षी नेमके कुठे कमी होताहेत.

संशयित जागा तीन

उन्हाळ्यात हा पक्षी जंगलाच्या तळाशी वावरतो. चोचीने पालापाचोळा उलटून किडे, गोगलगायी शोधतो. जंगलाचे तुकडे पडले की कडेने येणारे शत्रू वाढतात. काऊबर्ड नावाचा पक्षी तर कोकिळेसारखी आपली अंडी याच्या घरट्यात घालतो. ही झाली पहिली जागा. दुसरी म्हणजे हिवाळ्याचा मुक्काम : दक्षिण मेक्सिको ते पनामापर्यंतची सखल, दमट जंगलं. तीही तुटताहेत. तिसरी जागा म्हणजे या दोन्हींमधला प्रवास. तो रात्रीचा होतो, आणि अनेक पक्षी त्यात मेक्सिकोचं आखात पार करतात.

मार्ग कसा शोधला?

२००७ मध्ये ब्रिजेट स्टचबरी आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियात १४ वुड थ्रशच्या पाठीवर जिओलोकेटर बसवले. म्हणजे काय, तर सुमारे दीड ग्रॅमचं यंत्र : एक प्रकाशाचा सेन्सर, एक घड्याळ आणि मेमरी. सूर्य कधी उगवला, कधी मावळला एवढंच ते नोंदवतं. दिवसाच्या लांबीवरून अक्षांश निघतो आणि स्थानिक मध्यान्हाच्या वेळेवरून रेखांश.

२००९ मध्ये त्यांचा पेपर ‘सायन्स’मध्ये आला. वसंतातला परतीचा प्रवास शरद ऋतूतल्या प्रवासापेक्षा कितीतरी वेगवान निघाला. आणि माहिती मिळालेले पक्षी हिवाळ्यात पूर्व होंडुरास-निकाराग्वाच्या अरुंद पट्ट्यात राहिले होते.

आता मेथड्स सेक्शन वाचूया

पहिली अडचण सावलीची. सेन्सरला सूर्योदय उशिरा आणि सूर्यास्त लवकर झाल्यासारखा वाटतो, दिवस आखूड भरतो. हिवाळ्यात उत्तरेकडे दिवस आखूड असतात, म्हणून होंडुरासच्या झाडीत बसलेला पक्षी नकाशावर आहे त्यापेक्षा उत्तरेला दिसू शकतो. म्हणजे पक्ष्याची सवयच मोजमापात चूक घालते! यावर उपाय असा की पक्षी विणीच्या ठिकाणी असताना, जागा पक्की माहीत असते तेव्हाच, त्या नोंदींवरून यंत्राचं गणित जुळवून घ्यायचं.

दुसरी अडचण संपाताची. २२-२३ सप्टेंबरच्या आसपास पृथ्वीवर जवळपास सगळीकडे दिवस-रात्र सारखे असतात, त्यामुळे अक्षांश काढता येत नाही. नेमके तेव्हाच हे पक्षी दक्षिणेला निघालेले असतात. रेखांश मात्र मिळत राहतो.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी. हे यंत्र सिग्नल पाठवत नाही. पक्षी वर्षभराने परत यायला हवा आणि पुन्हा जाळ्यात सापडायला हवा, तरच डेटा हाती येतो. १४ पैकी ५ वुड थ्रशकडून तो मिळाला. म्हणजे आपल्या नकाशावरच्या सगळ्या रेषा जगलेल्या पक्ष्यांच्या आहेत. जो आखातात पडला, त्याचा डेटा त्याच्याबरोबरच गेला. पक्षी कुठे मरतात हा प्रश्न असेल, तर नेमकी तीच उत्तरं या सॅम्पलमध्ये नाहीत.

पण उरलेले ९ मेले, असंही लगेच म्हणू नका. पक्षी दुसरीकडे घरटं करू शकतो, जाळं चुकवू शकतो, यंत्र गळून पडू शकतं. शिवाय यंत्राच्या वजनाचा त्रास झाला का, हेही तपासावं लागतं. त्यासाठी नुसतं कडं घातलेल्या पक्ष्यांचा गट ठेवतात आणि दोन्ही गटांतले किती परत दिसले ते ताडून पाहतात.

मग हा अभ्यास कुचकामी?

अजिबात नाही. ‘या भागातले पक्षी हिवाळ्यात कुठे जातात?’ याचं उत्तर परत आलेल्या पक्ष्यांवरून मिळू शकतं, आणि कुठलं जंगल वाचवायचं हे ठरवायला ते लागतंच. ‘वाटेत किती मरतात?’ याला मात्र दुसरी पद्धत हवी. उदाहरणार्थ रेडिओ ट्रान्समीटर : पक्षी टॉवरजवळून गेला की नोंद होते, त्याला पुन्हा पकडावं लागत नाही. अर्थात टॉवर नाहीत तिथे तोही मुका.

तुमचा विषय पक्षी नसला तरी प्रपोजल लिहिताना हे करून बघा. माझ्या सॅम्पलमध्ये कोण येऊच शकत नाही, याची यादी काढा : कॉलेज सोडलेले विद्यार्थी, फॉलो-अपला न आलेले पेशंट, बंद पडलेली दुकानं. मग तुमचा रिसर्च क्वेश्चन पुन्हा वाचा. तो नेमका त्या यादीतल्या लोकांबद्दलच असेल, तर एक तर प्रश्न बदला किंवा पद्धत. आणि हे डेटा गोळा करण्याआधी करा.