डूमचा योद्धा इसाबेलच्या बेटावर

२० मार्च २०२० या एकाच दिवशी दोन व्हिडिओ गेम बाजारात आले. एक ‘डूम इटर्नल’. त्यात हिरव्या चिलखतातला एक अबोल योद्धा नरकातून पृथ्वीवर चढून आलेल्या राक्षसांना बंदुकीनं, यांत्रिक करवतीनं, प्रसंगी नुसत्या हातांनी फाडत सुटतो. दुसरा निन्टेन्डोचा ‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’. त्यात बेटावर घर बांधायचं, मासे पकडायचे, फुलं लावायची आणि बोलणाऱ्या प्राण्यांशी शेजारधर्म पाळायचा. दोन्ही गेम खरं तर २०१९मध्येच यायचे होते. दोन्ही लांबले आणि योगायोगानं एकाच तारखेवर येऊन थांबले. तारीख जाहीर झाली आणि चाहत्यांच्या पेन्सिली चालू लागल्या. त्यांच्या चित्रांत डूमचा योद्धा आणि ॲनिमल क्रॉसिंगमधली इसाबेल ही पिवळी, गोड कुत्री एकमेकांचे जिवलग झाले. कुठे तो तिच्या शेजारी बसून गळ टाकतो, कुठे ती हातात शस्त्र घेऊन त्याच्यासोबत नरकात उतरते. दोन वेगळ्या खेळांतली पात्रं एका चौकटीत आणणाऱ्या, चाहत्यांनी हौसेनं काढलेल्या अशा चित्रांना क्रॉसओव्हर फॅन आर्ट म्हणतात. गेमची जाहिरात विरते, त्याच्या पुढच्या आवृत्त्या येतात, तरी ही चित्रं काढली जातात आणि आवडीनं पाहिली जातात. असं का व्हावं?

विरोधाची गंमत हे उत्तर लगेच सुचतं: राकट आणि गोंडस शेजारी उभे केले की हसू येतं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. नुसत्या विरोधावर येणारं हसू पहिल्या चित्रापाशीच संपलं असतं. इथे तर चित्रांची रीघ लागली. माझ्या मते ही चित्रं टिकतात, कारण चांगलं क्रॉसओव्हर चित्र हे पात्राचं बारकाईनं केलेलं वाचन असतं. मूळ कलाकृतीत दबून राहिलेली एखादी गोष्ट ते वर काढतं. डूमचंच पाहा. १९९३च्या पहिल्या ‘डूम’च्या शेवटी एक हिरवंगार कुरण दिसतं, दृश्य सरकत जातं आणि जळत्या शहरासमोर खुंटावर खोचलेलं सशाचं मुंडकं समोर येतं. १९९५च्या ‘अल्टिमेट डूम’मध्ये कळतं की तो ससा नायकाचा पाळीव होता आणि त्याचं नाव होतं डेझी. म्हणजे व्हिडिओ गेमच्या जगातल्या या सर्वांत संतापी माणसाच्या संतापामागे एका लहानशा जिवाची माया आहे. ‘डूम इटर्नल’मधली त्याची खोलीही खेळण्यांनी आणि गिटारींनी सजलेली आहे. ज्यांनी त्याला प्राण्यांच्या बेटावर नेऊन बसवलं त्यांनी त्याच्यावर परका स्वभाव लादला नाही. खेळाच्या कोपऱ्यात पडून राहिलेला त्याचा स्वभाव त्यांनी ओळखला. इसाबेलचंही तसंच. २०१२च्या ‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू लीफ’मध्ये ती गावाच्या महापौराची सचिव म्हणून आली. कागदपत्रं, सूचना, समारंभ हे सगळं तीच सांभाळते, आणि तेही हसतमुखानं. दोघंही न थकता आपापली जबाबदारी ओढणारे. ही मैत्री पटते ती या साम्यामुळे.

आपल्याला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. महाभारताच्या वनपर्वात भीम रामकथेतल्या हनुमंताला भेटतो आणि वाटेत आडवी पडलेली त्या म्हाताऱ्या वानराची शेपटी त्याला तसूभरही हलवता येत नाही. दोन कथांतले दोन वायुपुत्र एकत्र येतात तेव्हा भीमाच्या बळाची मर्यादा आणि त्याचा अहंकार जसा उघडा पडतो, तसा तो कौरवांशी लढताना पडत नाही. पात्राला त्याच्या ओळखीच्या जगाबाहेर नेल्याशिवाय त्याच्या स्वभावाचे काही पैलू दिसतच नाहीत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: दुसऱ्यांनी घडवलेल्या पात्रांच्या लोकप्रियतेवर ही चित्रं जगतात, यात चित्रकाराचं स्वतःचं काय? हा आक्षेप घेणाऱ्यांनी ही चित्रं काढताना काय काय ठरवावं लागतं ते पाहावं. डूमचं जग धातूचं, रक्ताचं, तपशिलांनी खच्चून भरलेलं. ॲनिमल क्रॉसिंगचं मोठ्या डोक्यांचं, आखूड हातापायांचं, गोलसर कडांचं. दोघांना एकत्र रेखाटायचं तर कुणाच्या शैलीत? योद्धा गोलमटोल केला तर तो बेटावरचा पाहुणा होतो. इसाबेलच्या अंगावर केसन् केस रंगवला तर तीच नरकातली पाहुणी ठरते. दोघांना आपापल्या शैलीत ठेवलं तर उजेड, सावली आणि आकाराचं प्रमाण यांचा मेळ घालणं कठीण होतं. शिवाय पाहणाऱ्याला दोघंही क्षणात ओळखू आले पाहिजेत. उसन्या पात्रांमुळे काम सोपं होत नाही, उलट चूक लगेच पकडली जाते, कारण पाहणारा त्या पात्रांना चित्रकाराइतकंच जवळून ओळखतो. आळशी चित्रंही असतात, पुष्कळ असतात. दोन चेहरे शेजारी चिकटवले की झालं, अशा समजुतीची ती चित्रं कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

वेगवेगळ्या जगांतली पात्रं एकत्र आणण्याची ही वृत्ती व्यावसायिक गेमच्या इतिहासातही दिसते. मासाहिरो साकुराई आणि सातोरू इवाता यांनी नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मारामारीच्या एका गेमचा कच्चा नमुना तयार केला, तेव्हा त्यातल्या लढवय्यांना चेहरेच नव्हते. साकुराईंनी त्यांच्या जागी मारिओ, डाँकी काँग, सॅमस आणि फॉक्स ही निन्टेन्डोचीच पात्रं बसवली, आणि परवानगी नंतर मिळवली. १९९९चा ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ त्यातून उभा राहिला. मारिओ आणि सोनिक यांची गोष्ट तर आणखी बोलकी. नव्वदच्या दशकात मारिओची निन्टेन्डो आणि सोनिकची सेगा या कंपन्या एकमेकींच्या कट्टर स्पर्धक होत्या. सेगानं २००१मध्ये गेम खेळायची यंत्रं बनवणं थांबवलं आणि त्यानंतरही २००७ उजाडावं लागलं, तेव्हा कुठे ही दोन पात्रं ऑलिंपिकवरच्या एका गेममध्ये एकत्र आली. वहीच्या पानावर त्यांना एकत्र आणायला मात्र कुठल्या कराराची गरज नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आता कंपन्या स्वतःच अशा भेटी घडवतात, मग हौशी चित्रांची गरज काय? इसाबेल २०१८च्या ‘स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’मध्ये लढते, ऑक्टोबर २०२१मध्ये त्याच गेममध्ये डूमच्या योद्ध्याचा पोशाखही आला, आणि २०२२च्या डिसेंबरात हा योद्धा ‘फोर्टनाइट’ या गेममध्येही दाखल झाला. पण तिथे घडतं काय? फोर्टनाइटमध्ये तो धावतो, गोळ्या झाडतो, विकत घेतलेला नाच नाचतो, आणि इतर शेकडो पात्रंही हेच करतात. पात्रं तिथे पोशाख होतात. त्यांना एकमेकांविषयी काही वाटत नाही, कारण वाटण्यासाठी संवाद, शांतता, रिकामा वेळ लागतो, आणि अशा वेळेला दुकानात किंमत नसते. चाहत्यांची चित्रं नेमका तो रिकामा वेळ रंगवतात: चहा, मासेमारी, जखमेवर बांधलेली पट्टी. करार जितके वाढतील तितकी ही उणीव ठळक होईल असं मला वाटतं.

राहिला कायदा. पात्रांचे हक्क कंपन्यांचे आहेत हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१६मध्ये एका चाहत्यानं जुन्या ‘मेट्रॉइड २’चं नवं रूप बनवून फुकट वाटलं, तेव्हा निन्टेन्डोनं काही दिवसांतच ते काढायला लावलं. चित्रांच्या वाट्याला अशी कारवाई सहसा येत नाही, आणि त्याचं कारण उघड आहे: चाहत्यानं केलेला गेम मूळ गेमची जागा घेऊ शकतो, चित्र घेऊ शकत नाही. चित्र पाहून गेम खेळायचा राहून जात नाही. उलट डूमचं नावही न ऐकलेला माणूस त्या योद्ध्याला ओळखू लागतो. तरीही हे सगळं कंपन्यांच्या मूक संमतीवर चाललेलं आहे. पोस्टर किंवा छापील चित्रं विकून कागद-रंगाचा खर्च काढणाऱ्याला आपण नेमके कुठवर सुरक्षित आहोत हे सांगता येत नाही. पात्रांवरच्या या प्रेमाचा कंपन्यांना फायदा होतो. तेव्हा किती प्रती चालतील, कोणतं चित्र चालणार नाही, मूळ गेमचा उल्लेख कसा करायचा, हे त्यांनी दोन पानांत साध्या भाषेत लिहून द्यायला हरकत नसावी.