मीटर मर्यादेत, तावदानं थरथरती

हणजूण-वागातोरच्या क्लबांतल्या संगीताचं गाऱ्हाणं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेलं. अशा भांडणात एक प्रश्न हमखास निघतो: मीटर जर आवाज मर्यादेत दाखवतो, तर रात्री घराची तावदानं का थरथरतात?

२००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री दहानंतर मर्यादा ४५ डेसिबल. पण हे डेसिबल ‘ए’ मापाचे आहेत, आणि गोम तिथेच आहे. आपल्या कानाला खर्जातले आवाज कमी ऐकू येतात, म्हणून ‘ए’ माप त्यांना सूट देतं. ६३ हर्ट्‌झला ही सूट तब्बल २६ डेसिबलची. म्हणजे क्लबच्या ढोलाचा ७० डेसिबलचा ठोका मीटरवर ४४ भरतो, आणि नियमात बसतो!

या मापामागे हार्वे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली बेल प्रयोगशाळेत काढलेले श्रवणाचे आलेख आहेत.

फ्लेचरच्या आलेखांत दोष नव्हता. ‘ए’ माप त्यांतल्या हळू आवाजांच्या वक्रावर बेतलेलं होतं. पुढे ते सरसकट सगळ्याच गोंगाटाला लावलं गेलं. खर्जात पातळी थोडी चढली तरी जाणवणारा आवाज झपाट्याने वाढतो. त्यात भिंत चाळणीचं काम करते: गायकाचा गळा, झांजा बाहेरच अडतात, नुसती धपधप आत येते. ६३ हर्ट्‌झच्या लहरीची लांबी साडेपाच मीटरच्या आसपास; पडदे आणि फोम तिला काय अडवणार?

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्येच सांगितलं होतं की खर्जाला जवळजवळ सूट न देणारं ‘सी’ माप आणि ‘ए’ माप यांत दहा डेसिबलहून जास्त फरक पडला, तर कंप्रतेनुसार तपासणी करा. वरच्या उदाहरणात ‘सी’ माप ६९ दाखवेल, म्हणजे फरक २५ चा. तेव्हा तक्रारदारांनी ‘सी’ मापाचा आग्रह धरावा, आणि तोही खिडक्या बंद करून झोपायच्या खोलीत. क्लबवाल्यांनी सबवूफर जमिनीपासून रबरी आधारांवर वेगळा करावा आणि रात्री खर्जाला लिमिटर लावावा. नाचणाऱ्यांचं गाणं त्याने बंद पडत नाही.