चाप, घोडा आणि अडसर

गोरेगावात राहणाऱ्या माणसाला बंदूक दिसते ती बँकेच्या दारात. रखवालदार ती खांद्याला लावून उभा असतो आणि ती कधी उडेल असे त्यालाही वाटत नाही, आपल्यालाही वाटत नाही. मी तर मराठीचा मास्तर. चाप ओढणे काय नि घोडा दाबणे काय, माझ्या लेखी दोन्ही सारखेच. पण गेल्या वैशाखात या दोन शब्दांतले अंतर मला आमच्याच घरात, चटईवर बसून शिकावे लागले.

त्याचे असे झाले. संगमेश्वराकडचा माझा मामेभाऊ अण्णा एक नवी कोरी बंदूक घेऊन आमच्याकडे उतरला. परवाना शेतीसंरक्षणाचा, मुंबईला आणण्याची परवानगीही रीतसर काढलेली. दुकानदार असल्या बंदुकीला 'शिकारी रायफल' म्हणतात. वास्तविक १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलीसुरली दारेही बंद झाली. रानडुकराने उभे शेत उकरून टाकले तरी वनखात्याच्या परवानगीवाचून त्याच्यावर गोळी झाडता येत नाही. शिकार गेली, बंदुकीचे नाव तेवढे राहिले.

अण्णाचा चेहरा उतरलेला होता. चहा झाल्यावर तो सांगू लागला. डुकराची परवानगी मिळाल्यावर एका संध्याकाळी तो बांधावर गेला होता. दहा वर्षांचा धाकटा बॅटरी घेऊन चार पावले पुढे. बंदूक भरलेली, सुरक्षेचा खटका लावलेला. झाडीत खसफसले म्हणून अण्णाने खटका सोडला आणि त्याच क्षणी बार झाला! गोळी दोन हातांवर बांधात शिरली.

"वहिनी, चापाला बोट लावलं नव्हतं हो," तो माझ्या पत्नीला म्हणाला. "पण दुकानदार म्हणतो, तुमचंच बोट लागलं असेल. घरीही सगळ्यांना तसंच वाटतं. आता तर मलाही वाटायला लागलंय."

बंदुकीपेक्षा हे शेवटचे वाक्य मला जास्त लागले.

गोरेगाव पूर्वेला राज्य राखीव पोलीस दलाची छावणी आहे. बंदुका दुरुस्त करण्यात उभी नोकरी काढलेले एक निवृत्त आर्मरर आमच्याच इमारतीत राहतात. सगळे त्यांना हवालदारकाका म्हणतात. त्यांना बोलावले. त्यांनी आल्याआल्या कोणाचीही कैफियत न ऐकता नळी खिडकीबाहेरच्या कुंपणाच्या भिंतीकडे वळवायला लावली, बोल्ट मागे ओढला, काडतुसांची पेटी काढून बाजूला ठेवली आणि करंगळी आत घालून नळी रिकामी असल्याची खात्री केली. "डोळा फसतो, बोट फसत नाही," एवढेच म्हणाले.

मग माझी शिकवणी सुरू झाली. आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीला घोडा बाहेर असे. तो मागे ओढलेला आहे की खाली पडलेला आहे, हे अंगणातून जाणाऱ्या पोरालाही दिसे. चाप म्हणजे बोटाने ओढायचा तो आकडा. घोडा म्हणजे त्याने सुटणारा आघात. बोल्टच्या बंदुकीत घोड्याचे काम आतली पिन करते. दाबलेली स्प्रिंग तिला पुढे लोटत असते आणि एक बारीकसा लोखंडी दात तिला अडवून धरतो. इंग्रजीत त्याला सिअर म्हणतात. आपण त्याला अडसर म्हणू. चाप ओढला की अडसर खाली सरकतो आणि पिन काडतुसावर आदळते. दाराचा अडसर अर्धवट लागला असेल तर दार धक्क्याने उघडते, तसेच हेही.

काकांनी रिकाम्या बंदुकीचा बोल्ट बंद केला, खटका लावला, चाप एकदा दाबून सोडला आणि बोट दूर धरून खटका काढला. काही झाले नाही. पुन्हा केले. सहाव्या वेळी आतून 'टक्' असा आवाज आला. वीस वेळांत तीनदा! अण्णा एकदम उठून उभाच राहिला.

"नव्या बंदुकीत पहिला संशय कारखान्यातल्या ग्रीसवर घ्यायचा," काका म्हणाले. "ते घट्ट झालं की चाप जागेवर परतत नाही." अण्णाने रॉकेलने सगळे पुसून काढले. पुन्हा वीस वेळा. पुन्हा दोनदा 'टक्'. म्हणजे ग्रीस निर्दोष.

त्या रात्री मी या विषयावर वाचत बसलो. अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीची ७०० क्रमांकाची बोल्टची रायफल १९६२ साली बाजारात आली. बोट न लावता ती उडते अशा तक्रारी वर्षानुवर्षे येत राहिल्या; कंपनीचे म्हणणे, चूक हाताळणाराची. २००० साली माँटाना राज्यात एका आईने बंदूक रिकामी करण्यासाठी खटका सरकवला आणि गोळी तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला लागली. मूल गेले. पुढे कंपनीने नवा चाप आणला. २०१४ साली त्याच्याही बंदुका परत मागवाव्या लागल्या, कारण जोडणीत लावलेला चिकटद्रव काही ठिकाणी जास्त झाला होता. अखेर न्यायालयातल्या तडजोडीत, दोष कबूल न करता, सत्तर लाखांहून अधिक बंदुकांसाठी चाप बदलून देण्याची किंवा भरपाईची तयारी कंपनीला दाखवावी लागली. वाचता वाचता बॅटरी घेतलेला आमचा धाकटा डोळ्यांसमोर येत होता.

दुसऱ्या दिवशी काकांनी विचारले, "बंदूक ठेवता कुठे?"

"चुलीवरच्या माळ्यावर. गंज लागू नये म्हणून."

"आणि हा पुढचा स्क्रू कोणी आवळला?"

"मीच. सैल वाटला."

काका हसले. ही बंदूक ली-एन्फिल्डच्या जातकुळीतली. तिचा चाप बसतो खालच्या लोखंडी पट्टीवर, आणि ती पट्टी लाकडी दस्त्यात. चुलीच्या उबेने लाकूड आटले, स्क्रू आवळल्याने पट्टी वर आली आणि चाप अडसराला सतत किंचित ढकलू लागला. खटका लावला की पिन केसभर मागे जाते. काढला की तिने पुन्हा अडसरावर बसायचे. पण अडसर आधीच खाली ढकललेला!

"मग कानस मारून बसवता येईल?" अण्णाने विचारले.

"कानस हातात धरायची नाही. मी निवृत्त माणूस; १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीला परवाना लागतो. परवानेवाल्याकडेच जा."

तिथल्या कारागिराने दस्ता उतरवला आणि मूळ दोष सापडला. पुढच्या स्क्रूभोवती पट्टीचे अंतर राखणारी एक लोखंडी नळकांडी असायला हवी. कारखान्यातून ती बसवलीच गेली नव्हती! बोटाच्या पेराएवढी वस्तू. ती बसवल्यावर खटका शंभर वेळा लावून काढला. एकदाही 'टक्' झाले नाही.

अण्णाने तिथूनच घरी फोन लावला. "बोट माझं नव्हतं गं," एवढेच बोलला आणि गप्प झाला.

संध्याकाळी निरोप घेताना काका त्याला म्हणाले, "बोट तुमचं नव्हतं, खरं आहे. पण नळी जमिनीकडे धरली होती ती तुम्हीच. खटका हा लोखंडाचा; तो कधीतरी दगा देणारच. हात मात्र आपला असतो. आणि हो, पोराला पुढे चालवू नका."

अण्णा गेला. बंदूक आता कपाटात असते, चुलीवर नाही. आणि धाकटा बॅटरी घेऊन बापाच्या मागे चालतो.