डोंगरावरचं जहाज, पडद्यावरची प्रयोगशाळा

लोणावळ्याला समुद्र नाही, तरी नौदलाचे इंजिनिअर तिथे घडतात. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंचीवर 'आयएनएस शिवाजी' ही नौदलाची प्रशिक्षणसंस्था १९४५ पासून हे काम करते आहे. तिथे १० जानेवारी २०१९ रोजी 'अभेद्य'चं उद्घाटन तेव्हाचे नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल सुनील लांबा यांच्या हस्ते झालं. गोवा शिपयार्डने बांधलेल्या या सुविधेत अणू, जैविक आणि रासायनिक हल्ल्याचा हुबेहूब सराव करता येतो. त्याआधी हे शिक्षण बहुतांशी पुस्तकीच होतं.

म्हणजे चुकायला मोकळीक देणारं खोटं जग लोणावळ्याच्या मावळ तालुक्यात आधीच आहे. फक्त त्यासाठी तिथे यावं लागतं. दूरशिक्षणाला हवंय तेच, पण घरबसल्या.

'लिंडेन लॅब'ने २००३ साली 'सेकंड लाइफ' हे ऑनलाइन जग सुरू केलं, त्यानंतर परदेशी विद्यापीठांनी तिथे आभासी बेटं विकत घेतली. २०११च्या सुरुवातीला शिक्षणसंस्थांची सवलत बंद झाली आणि अनेकांनी गाशा गुंडाळला. दोष पैशांचाच होता असं मला वाटत नाही. उडता येणाऱ्या जगात कित्येकांनी बांधलं काय, तर खुर्च्या मांडलेलं सभागृह!

आपल्याकडचा 'व्हर्च्युअल लॅब्स' प्रकल्प त्यामानाने साधा आणि जास्त उपयोगी. केंद्र सरकारच्या, २००९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेतून तो उभा राहिला. मुंबईची आयआयटी आणि पुण्याचं सीओईपीही त्यात आहेत. काही प्रयोग निव्वळ पडद्यावरचे असतात. काहींत मात्र दूरच्या संस्थेतलं खरं उपकरण इंटरनेटवरून चालवायचं आणि त्याची खरी मोजमापं घ्यायची.

टायट्रेशनचंच घ्या. फिनॉल्फ्थॅलिन घातलेलं द्रावण एका थेंबाने गुलाबी होतं. थेंब जास्त पडला की प्रयोग पहिल्यापासून. पडद्यावर तो वीस वेळा चुकवला तरी रसायन संपत नाही, बाई रागावत नाहीत. ब्युरेटची तोटी हळूच फिरवायची बोटांची सवय मात्र माऊसने लागत नाही.

आंदर मावळ, नाणे मावळातल्या मुलांसाठी हे परवडणारं आहे: महागडा व्हीआर चष्मा लागत नाही, साधा ब्राउझर पुरतो. डोंगराआड घरी रेंज नसेल तर शाळेतल्या संगणकावर पायऱ्या घोटून घ्याव्यात आणि प्रात्यक्षिकाचा तास काचेच्या ब्युरेटसाठीच राखून ठेवावा.